डे केअरला दहापैकी नऊ, संडासाला शून्य

धाकट्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, संडासातून रक्त. वय ११. मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाने भागलं नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असलं की रक्त थांबायचं, डोस उतरवायला घेतला की परत सुरू. स्टिरॉइडने गाल फुगले, उंची मात्र आहे तिथेच. शेवटी डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब सांगितलं, हे शिरेतून ड्रिपने द्यायचं औषध. त्यासाठी साताऱ्याहून पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या डे केअरला, म्हणजे दिवसभरात उपचार करून घरी सोडणाऱ्या वॉर्डला, जातो. पहिल्या डोसनंतर दोन आणि सहा आठवड्यांनी, आता दर आठ आठवड्यांनी. पाच डोस झाले.

सुरू करण्याआधी मांटू (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी) आणि छातीचा एक्स-रे. मी म्हटलं, दुखतंय पोट, टीबीचं काय मध्येच? डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं: हे औषध टीएनएफला, म्हणजे शरीरात सूज आणणाऱ्या एका प्रथिनाला, दाबतं, आणि अंगात झोपलेला टीबी आवरून धरायलाही तोच लागतो.

सिस्टरांना पैकीच्या पैकी. कुपीत पांढरी भुकटी असते. पाणी काचेच्या कडेने सोडायचं, कुपी हलवायची नाही, बोटांत हळूहळू फिरवायची, मग पाच मिनिटं ठेवून द्यायची. वॉर्ड भरलेला असला तरी कुणी घाई करत नाही. पुढे दोन तास ड्रिप.

पोरगा २८ किलोचा. किलोला ५ मिलिग्रॅमने १४० होतात, कुपी १०० ची. म्हणजे दोन फोडायच्या आणि ६० फेकायचे. बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध, घेऊनही बिल जड जातं, त्यात हे बघवत नाही. त्यात हॉस्पिटलचा दोष नाही म्हणा. फार्मसीच्या खिडकीवर पाऊण तास उभं करतात, तो मात्र त्यांचाच.

आता संडास. आतड्याच्या आजाराची मुलं जिथे ड्रिप लावून बसतात, तिथून संडास पार कॉरिडॉरच्या टोकाला, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. दुसऱ्या डोसला सलाइनचा स्टँड ढकलत आम्ही पोचलो, तर वॉचमन चहाला गेलेला. पोरगा रडला नाही. एवढंच म्हणाला, "पप्पा, तुमचा स्वेटर द्या, कमरेला बांधतो." तक्रारवहीत दोनदा लिहिलंय. कुलूप अजून आहे.

डॉक्टर दर वेळी मला नाही, त्यालाच विचारतात: रक्त दिसलं? रात्री उठलास? खेळायला गेलास? त्यावरून ८५ पैकी गुण काढतात, जितके कमी तितकं बरं. सुरुवातीला ६० होते, परवा ५.

जाणार असाल तर आठलाच फार्मसी गाठा. आणि जादा पँट पिशवीत वरच ठेवा, तळाशी नको.