कुरायोशी की शिमान्तो? जपानी फिगरसाठी वाट वाकडी करताना

तोक्योतल्या अकिहाबाराच्या दुकानांत फिगर, म्हणजे कार्टून-कॉमिक्समधल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, विकत घ्यायला मजा येते, पण एकाच फिगरसमोर निवांत उभं राहायचं असेल तर दुकानात ते जमत नाही. त्यासाठी मला दोन ठिकाणं सुचतात. एक तोत्तोरी प्रांतातलं कुरायोशी, दुसरं शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातलं (केरळचं कोची नव्हे) शिमान्तो. दोन्हीकडची फिगर संग्रहालयं जुन्या प्राथमिक शाळांच्या इमारतींत आहेत.

हातात एकच दिवस असेल आणि बरोबर घरचे असतील, तर बेधडक कुरायोशीला जा. 1955 सालची ती शाळा चक्क गोल आहे. जपानमध्ये टिकून असलेल्या गोलाकार शाळांतली ती सर्वांत जुनी. मधोमध वळत वर जाणारा जिना आणि त्याच्याभोवती भाकरीचे चतकोर मांडावेत तसे वर्ग. इमारत पाडायची चर्चा होती, गावकऱ्यांनी ती वाचवली आणि 2018 मध्ये तिथे फिगर संग्रहालय उघडलं. हे गावच का, तर फिगर बनवणाऱ्या गुड स्माइल कंपनीचा कारखाना इथे आहे. ज्या गावात फिगर बनतात, त्याच गावात त्या पाहायला मिळाव्यात हे मला फार भावतं.

याच कंपनीच्या नेन्डोरॉइड नावाच्या फिगर पाहताना घाई करू नका. जेमतेम 10 सेंटीमीटरची बाहुली, त्यात डोकंच भलं मोठं. कपाळावरच्या केसांचा पुढचा तुकडा काढला की चेहरा सुटा होतो आणि हसऱ्याच्या जागी रडवेला बसवता येतो. तो सांधा बटांच्या कडेत इतका बेमालूम लपवलेला असतो की शोधूनही पटकन दिसत नाही.

ओसाकाहून सुपर हाकुतो ही गाडी थेट कुरायोशीला येते, तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. जपान रेल पास असला तरी मधल्या चिझू मार्गाचे पैसे वेगळे पडतात, हे आधीच लक्षात ठेवा. फिगरमध्ये रस नसलेल्या आजी-आजोबांना ओढ्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं नक्की आवडतील.

शिमान्तो हे वेड्या माणसांसाठी आहे, आणि हे मी कौतुकानेच म्हणतोय. कायोदो या फिगर बनवणाऱ्या कंपनीचं हे संग्रहालय 2011 मध्ये सुरू झालं. मूळचे कोचीचे ओसामू मियावाकी यांनी 1964 मध्ये ओसाकाजवळच्या मोरिगुचीत मॉडेलचं एक चिमुकलं दुकान टाकलं, त्यातून कायोदो उभी राहिली. 1999 मध्ये चॉकलेटच्या अंड्यातून निघणारे तिचे अंगठ्याएवढे प्राणी जपानभर गाजले. मूर्तिकार शिनोबू मात्सुमुरा यांनी घडवलेले ते प्राणी पाहिले की इतक्याशा जागेत पाठीचा बाक आणि पायांवरचा भार कसा पकडला, याचं नवल वाटत राहतं. फिगरचा हा सगळा इतिहास एका घराण्याच्या नजरेतून पाहायचा असेल, तर शिमान्तोला पर्याय नाही.

पण रस्ता! कोचीहून कुबोकावा, तिथून योदो मार्गावरची छोटी गाडी आणि मग उत्सुइगावा स्थानक. गाड्या मोजक्याच, आणि कुबोकावा ते वाकाई या टप्प्यावर रेल पास चालत नाही. आपण आडवळणाला आहोत याचा संग्रहालयालाच अभिमान आहे. गाडी चालवता येत असेल तर भाड्याने घ्या, जवळचं कप्पा या जलराक्षसाला वाहिलेलं संग्रहालयही त्याच फेरीत होईल. लहान मुलं आणि सामानाच्या बॅगा घेऊन मात्र मी हा घाट घालणार नाही.

आता एक वेगळा सल्ला. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळे मांडण्यापेक्षा ज्याला बुरूज थापण्यात जास्त गोडी असते, अशा मुलासाठी ही दोन्ही ठिकाणं सोडा आणि तोक्यो-क्योतोच्या वाटेवर शिझुओकाला उतरा. नोझोमी ही बुलेट ट्रेन तिथे थांबत नाही, हिकारी किंवा कोदामा गाडी पाहून घ्या. सुटे भाग जोडून उभारायच्या मॉडेलची किट बनवणारी तामिया कंपनी इथलीच, बंदाई कंपनीचे गनप्लाही (गंडम यंत्रमानवांची तशीच प्लास्टिकची मॉडेल) इथेच तयार होतात. किटचे सुटे भाग ज्या चौकटीत अडकलेले असतात, तशा चौकटीत बसवलेली टपालपेटी आणि टेलिफोन बूथ या शहरात रस्त्यावर उभे आहेत. स्थानकासमोरचं हॉबी स्क्वेअर हे मॉडेलचं प्रदर्शन पाहायला दोन तास पुरतात.

तिथून किट जरूर आणा, पण लॅकर रंग, थिनर आणि चिकटवायचं सिमेंट घेऊ नका. ते ज्वलनशील असतं, विमानात नेता येत नाही.