पेट्रोल, रॉकेल, डिझेल, क्रूड: कोण किती पटकन पेटतं?

जनरेटर पेट्रोलचा घेऊ की डिझेलचा असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, तेल ठेवणार कुठे? आवाज न् खर्च नंतर बघू, आधी ते पेटतं किती पटकन ते बघा.

त्यासाठी फ्लॅश पॉइंट बघायचा, म्हणजे किती तापमानाला तेलातून इतकी वाफ निघते की ठिणगी लागली की भडका. पेटते ती वाफ, तेल नाही. पेट्रोलचा हा आकडा साधारण उणे 40 सेल्सिअस, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा उघड्या कॅनच्या तोंडाशी पेटणारी वाफ तयार असते आणि ती हवेपेक्षा तीनेक पट जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत लांबच्या शेगडीपर्यंत जाते आणि आग तिथून उलट कॅनकडे येते. रॉकेल 38 च्या पुढे, पण उन्हात तापलेला पत्र्याचा डबा तेवढा सहज तापतो. डिझेल साधारण 52-55 च्या वर, म्हणून साठवायला तेच बरं.

पण डिझेलला अगदीच गरीब समजू नका हं. ठिणगीशिवाय आपोआप पेटायला त्याला पेट्रोलपेक्षा कमी उष्णता लागते, त्यामुळे फुटक्या पाइपातून तापलेल्या सायलेन्सरवर फवारा उडाला की खेळ संपला. भिजलेलं फडकं तर वातीसारखं जळतं. आणि त्यात चुकून थोडं जरी पेट्रोल मिसळलं तरी फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो, मग ते पेट्रोल समजूनच हाताळायचं.

क्रूडचं, म्हणजे जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलाचं, मात्र एकच उत्तर नाही. जड, डांबरासारखं क्रूड पेटवायला कष्ट पडतात, हलक्या क्रूडचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही खाली असू शकतो. 2013 मध्ये कॅनडातल्या लाक-मेगान्तिक गावात अमेरिकेतल्या बाकेन भागातलं हलकं क्रूड नेणारी रेल्वे घसरली, 47 माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की कागदोपत्री ते तेल होतं त्यापेक्षा कमी धोक्याचं दाखवलेलं. हे वाचून आजही पोटात कालवतं. तेच क्रूड समुद्रात सांडलं की हलका भाग उडून जातो, पाणी मिसळतं आणि मग ते पेटता पेटत नाही.

तर बंद खोलीत साठा करायचा असेल तर डिझेलच घ्या. पेट्रोलच हवं असेल तर लागेल तेवढंच, घराबाहेर सावलीत, आणि रिकाम्या कॅनलाही भरल्यासारखंच जपा, हवेत दीड टक्का वाफ उरली तरी ती पेटते.