बांबोळीची गोळी की गावातलं बोलणं: खचलेल्या माणसासाठी कुठली वाट धरावी

माझ्या थोरल्या वहिनीने अबोलीला पाणी घालणं सोडलं, तेव्हा घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोव्यात पेडण्याला आमच्या परसात तिचे चार वाफे होते. गुरुवारी रात्री फाती (गजरे) गुंफायच्या आणि शुक्रवारी पहाटेच्या बसने म्हापशाचा बाजार गाठायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. तो मोडला. मग रोज पहाटे तीनला जाग यायला लागली, जेवण तुटलं. ‘अंगात त्राण नाही, डोकं जड वाटतं,’ एवढंच ती सांगायची. रक्त तपासून झालं, शक्तीच्या बाटल्या झाल्या. ‘उदास वाटतं’ हे शब्द चार महिन्यांत एकदाही तिच्या तोंडून आले नव्हते. आपल्याकडे मन आजारी पडलं की गाऱ्हाणं शरीर घालतं, आणि फार तर ‘टेन्शन’ हा शब्द येतो.

डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटल्यावर घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाला, बांबोळीला, सरकारी मानसोपचार संस्थेत, नेऊन गोळ्या सुरू करू. आई म्हणाली, बांबोळीला न्यायला ती काय पिशी (वेडी) झालीय? शेजारच्या काकींनी सुचवलं की समुपदेशक मिळतो, त्याच्याशी बोलू दे. त्यावर भावाचा सवाल: नुसत्या बोलण्याने काय होणार? हाच सवाल मी त्यानंतर कितीतरी घरांत ऐकला. म्हणून या दोन्ही वाटा इथे शेजारी-शेजारी ठेवते आहे.

हे गोव्यातच तपासून झालंय

या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशात जावं लागत नाही. जगभर ज्यांचे दाखले दिले जातात असे काही अभ्यास आपल्याच ओपीडीत आणि आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाले आहेत. 1996 साली गोव्यात सुरू झालेली ‘संगाथ’ ही संस्था आणि तिच्या संस्थापकांपैकी एक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल, ही त्यातली ठळक नावं.

पहिला निकाल बोलण्याच्या बाजूचा नव्हता. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात गोव्यातल्या ओपीडीतल्या 450 जणांना तीन गटांत विभागलं होतं: एकाला डिप्रेशनची गोळी, एकाला समुपदेशन, एकाला औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी. दोन महिन्यांनी खऱ्या गोळीचा गट पुढे होता, समुपदेशन मात्र खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. वर्षाअखेर गोळीचा फायदाही ठळक उरला नव्हता.

माझ्या भावाला हे सांगितलं असतं तर त्याने तिथेच वाद मिटवला असता. पण संशोधक थांबले नाहीत. समुपदेशन म्हणजे नेमकं काय करायचं, कुणी, किती वेळा, हे सगळं त्यांनी पुन्हा मांडलं. 2010 मध्ये आलेल्या ‘मानस’ अभ्यासात 24 दवाखाने होते, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकाने डॉक्टर आणि अधूनमधून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या जोडीने काम करायचं, अशी रचना होती. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के लोक सावरले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे 42 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. गावातला जुना फॅमिली डॉक्टर पेशंटचं नाव-गाव, सासर-माहेर ओळखून असतो, दहा मिनिटं जास्त बसवतो. तेही एक प्रकारचं समुपदेशनच.

मग 2017 चा अभ्यास. तो मी लोकांना आवर्जून सांगते, कारण ‘बोलणं हलक्या दुखण्याला ठीक’ हा समज त्याने खोडून काढला. दहा आरोग्य केंद्रांतले 495 जण त्यात होते आणि सगळ्यांचं डिप्रेशन बऱ्यापैकी तीव्र होतं. नऊ प्रश्नांच्या, 27 गुणांच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण 14 च्या वर होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांचे गुण दहाच्या खाली आले, न मिळालेल्यांत 39 टक्क्यांचे. न मिळालेल्यांच्या डॉक्टरांनाही निदान कळवलेलं होतं, म्हणजे औषधाची वाट त्यांना मोकळीच होती. त्यामुळे गोळी निकामी असा याचा अर्थ काढू नका. नीट केलेलं समुपदेशन जोडलं की जास्त माणसं उठून उभी राहतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बोलण्यात नेमकं काय होतं

सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समोर बसणारी व्यक्ती डॉक्टर नसते. 2017 च्या त्या अभ्यासातले समुपदेशक गावातलेच, शालेय शिक्षण झालेले आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले होते. भेटींचं रेकॉर्डिंग आपसात ऐकून ते एकमेकांचं काम तपासायचे. ही तपासणी मला प्रशिक्षणाइतकीच मोलाची वाटते.

वहिनीच्या दुसऱ्या भेटीला मी सोबत होते. समुपदेशकाने लहानपण उकरलं नाही, ‘मन खंबीर ठेवा’ असंही म्हटलं नाही. एक कागद पुढे केला आणि विचारलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय केलंत? वहिनीने सांगितलं. प्रत्येक गोष्टीपुढे त्या वेळी कसं वाटलं, ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायचं होतं. सगळे आकडे एक-दोन. एकाच ठिकाणी चार: संध्याकाळी धाकटीची वेणी घातली तेव्हा. ‘पूर्वी या वेळेला काय करायचा?’ ‘अबोली.’ ‘चारही वाफे नको. पुढच्या भेटीपर्यंत एकाच वाफ्याला पाणी, तेही मनात आलं किंवा नाही आलं तरी.’

आतून उभारी येईल तेव्हा काम करू, असं आपण म्हणतो. इथे क्रम उलटा असतो: आधी हात हलवायचे, उभारी मागून येते. घरच्यांना हे पटायला वेळ लागतो. आईने पहिल्या आठवड्यात वहिनीच्या हातातली बादली काढून घेतली होती, ‘आराम कर गे’ म्हणून.

गोळी कधी आणि कशी

डिप्रेशनच्या गोळीबद्दल दोन गैरसमज घराघरांत आहेत. पहिला, तिची सवय लागते. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या लोक महिनोन्महिने स्वतःच फार्मसीतून आणत राहतात. डिप्रेशनची गोळी त्या जातीची नाही. तरी ती एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात. दुसरा गैरसमज, दोन दिवसांत गुण आला नाही म्हणजे गोळी लागू पडत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मळमळ, अस्वस्थपणा असतो. बरीच माणसं तिथेच सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवायला सांगतात.

पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण या वयात सुरुवातीला जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार वाढू शकतात. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगा: मागे कधी याच माणसाने झोपेविना दिवस काढले होते का, भराभर बोलत, पैसे उधळत? असं झालं असेल तर उपचाराची दिशाच बदलते, आणि नुसत्या समुपदेशनात ते निसटू शकतं.

दारूची गोष्ट वेगळी

इथे चूक जिवावर बेतते, म्हणून थोडं सविस्तर.

आमचे एक चुलते रोज सकाळपासून घ्यायचे. श्रावण लागला आणि त्यांनी देवाला शब्द देऊन एका दिवसात सोडली. सगळं घर आनंदात. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले, चहाची बशी धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग चढतेय म्हणून ते झटकत बसले आणि दारात कोणीतरी उभं आहे असं सांगू लागले. घरात आधी देवचाराचं (गावच्या भुताचं) नाव निघालं, घाड्याला (मांत्रिकाला) बोलावणं गेलं. नशिबाने एका नर्सबाईने पाहिलं आणि त्यांना तसंच इस्पितळात हलवलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, फीट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. अशाची दारू भरती करून, औषधाखालीच सोडवावी लागते. श्रावण पाळा, पण आधी डॉक्टरला भेटून पाळा.

बोलण्याचा उपयोग त्याआधीच्या टप्प्यावर जास्त आहे: पिणं हाताबाहेर चाललंय, भांडणं होतात, पण अजून सकाळी हात कापत नाहीत. 2017 मध्येच छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात गोव्याच्या आरोग्य केंद्रांतल्या अशा 377 पुरुषांवर एक ते चार भेटींचं समुपदेशन तपासलं होतं. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागचे चौदा दिवस दारू पूर्ण बंद ठेवलेले 42 टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्यांत 18 टक्के. फार मोठा आकडा नाही, पण चार भेटींच्या मानाने थोडाही नाही.

अंतर, खर्च आणि लोक

बांबोळीची मानसोपचार संस्था गोमेकॉशी (गोवा मेडिकल कॉलेजशी) जोडलेली. तिथे तज्ज्ञ आहेत, भरतीची सोय आहे आणि सरकारी असल्याने पैशाचा भार नाही. भार आहे तो दिवसाचा. पेडण्याहून किंवा वाळपईहून निघालं की एक रोजगार बुडतो, सोबतीचा धरून दोन. महिन्यातून एकदा ते निभतं, दर आठवड्याला नाही. म्हणून गोळीसाठी बांबोळी किंवा जिल्हा इस्पितळाची ओपीडी, आणि आठवड्याच्या बोलण्यासाठी जवळचं आरोग्य केंद्र, अशी वाटणी मला व्यवहारी वाटते. मात्र समुपदेशक सगळीकडे नसतो. आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: प्रशिक्षित समुपदेशक कुठल्या वारी बसतो, आणि दर वेळी तोच माणूस भेटणार का. एका ठिकाणी वहिनीला तीन भेटींत तीन नवे चेहरे मिळाले, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. आम्ही जागा बदलली तेव्हा गाडी रुळावर आली.

लोक काय म्हणतील, याचाही हिशोब घरं करतात, आणि मी त्याला हसत नाही. मुलीचं लग्न ठरायचं असतं, शेजारी विचारतात. आरोग्य केंद्रात जाणारा माणूस तापाला गेला की टेन्शनला, हे कुणाला कळत नाही. अनेकांसाठी पहिलं पाऊल एवढ्याच कारणाने सोपं होतं. कौल-प्रसादाबद्दलही माझा वाद नाही. देवापुढे बसून वहिनीला बरं वाटायचं. पण कौल मिळाला म्हणून गोळी बंद, असं करू नका.

माझं मत विचाराल तर माणूस जेवतोय, झोपतोय थोडंफार, कामाला लागू शकतोय, आणि चांगला समुपदेशक जवळ आहे, तर तिथून सुरुवात करावी. सहा भेटींत आकडे हलले नाहीत तर गोळी जोडावी. झोप-भूक पार गेली असेल तर दोन्ही एकदमच सुरू करावं. कानात आवाज येत असतील, किंवा मरणाची भाषा असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. कीटकनाशकाची बाटली, दोर, उरलेल्या गोळ्या घरातून हलवाव्यात. पोलीस केसच्या भीतीने अशी गोष्ट लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण मिळतं. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, फोनवर मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा, क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, रक्ताचे रिपोर्ट घ्या, थायरॉइडचा असेल तर तो नक्की. कधीपासून झोप बिघडली ते कॅलेंडर पाहून लिहून न्या. आणि आत गेल्यावर थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. वहिनी माझ्यासमोर जे बोलली नव्हती, ते तिने दार लोटल्यावर सांगितलं.