मोरोक्को की क्रोएशिया, कोणता फुटबॉल संघ सरस?

2022 च्या कतार वर्ल्डकपमध्ये हे दोघे दोनदा भिडले. गटात 0-0, तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत क्रोएशिया 2-1. तरी माझं मत मोरोक्कोलाच. उपांत्य फेरी गाठेपर्यंत त्यांच्यावर एकच गोल झाला, तोही स्वयंगोल! स्पेनविरुद्धची निर्णायक पेनल्टी मोरोक्कोच्या हकीमीने घेतली. गोलकीपर एका बाजूला झेपावला आणि चेंडू मधोमध, अलगद जाळ्यात. हकीमीचा जन्म स्पेनच्याच माद्रिदचा, हे आणखी गमतीचं.

क्रोएशिया चिवट, हे मान्य. जपान आणि ब्राझील, दोघांनाही पेनल्टीवर घरी पाठवलं. ब्राझीलविरुद्ध 117 व्या मिनिटाला पेतकोविचने बरोबरी साधली तेव्हा मीही ओरडलो. पण गोलच्या दिशेने गेलेला त्यांचा तो त्या सामन्यातला एकमेव फटका! त्यांचा कर्णधार मॉड्रिच मात्र 37 व्या वर्षीही पळत होता.