कब कॅडेट १०० की जॉन डिअर ११०?

जुना गार्डन ट्रॅक्टर घेऊन पुन्हा उभा करायचा म्हटलं की १९६३ साली अमेरिकेत आलेले हे दोघे माझ्या डोळ्यासमोर येतात. दोघांनाही कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं इंजिन. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरत असेल तर इंजिन जाम नाही, निम्मी काळजी मिटली.

खरा फरक ताकद चाकांपर्यंत पोचवण्यात आहे. कब कॅडेटमध्ये त्यासाठी पट्टा नाहीच. इंजिनामागे क्लच, मग शाफ्ट आणि शेवटी फार्मॉल कब या छोट्या शेती-ट्रॅक्टरच्या घराण्यातला बिडाचा जडशीळ गिअरबॉक्स. सीटखालचा ग्रीस-मातीचा काळा थर खरवडलात, तर आतलं बीड बहुतेक वेळा धडधाकट निघतं.

डिअरमध्ये व्हेरिएटर आहे, म्हणजे पट्टा आणि सरकणाऱ्या पुल्या. चालता चालता वेग कमीजास्त करता येतो, चालवायला फार सुखाचं. पण बुश (पुलीच्या आतल्या धातूच्या नळ्या) झिजले की पुली डुगडुगते, पट्टा घसरतो आणि नवशिक्याला दोष नेमका सापडत नाही. ते गोल मडगार्ड मात्र मला मनापासून आवडतात.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर कब कॅडेटच घ्या. फक्त पैसे देण्याआधी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. अ‍ॅक्सलचं भोक झिजलेलं असेल तर लगेच कळतं, आणि त्यावरून भावही पाडून मागता येतो.