सरफेस छान उलगडतं, पण लेअर खाऊन टाकतं

बरेच महिने रोज वापरून मग लिहितोय. थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या या प्लग-इनचं नाव देत नाही, वापरणारे लक्षणांवरून ओळखतीलच. काम तुम्हाला ठाऊक आहे: वक्र सरफेस (पृष्ठभाग) निवडा, त्यावरचे कर्व्ह (रेघा) निवडा, दोन्ही सपाट होऊन मिळतात.

नळी आणि शंकू यांत हिशेब चोख आहे. तळाची त्रिज्या 100 मिमी, तिरकस उंची 300 मिमी असा शंकू उलगडला की 120 अंशांचा पंखा येतो, आणि त्याचा कंस 628.32 मिमी, म्हणजे तळाच्या परिघाइतकाच. 100 मिमी व्यासाच्या नळीवरचा 100 मिमी पिचचा, म्हणजे एका फेरीत 100 मिमी पुढे सरकणारा, एक वेढा सरळ रेघ होऊन 329.69 मिमी भरतो. पायथागोरस लावून ताडून बघा. टॉप व्ह्यूमध्ये प्रोजेक्ट करून, म्हणजे वरून दिसेल तसं सपाट करून, काम उरकणाऱ्यांना ही लांबी कधीच मिळणार नाही.

आता लेअर, म्हणजे रेघा प्रकारानुसार वेगळ्या ठेवायचे थर. थ्रीडीत माझे कापायचे कर्व्ह लाल, कोरायचे निळे, घडीचे हिरवे, सगळे वेगळ्या लेअरवर. सपाट झाले की सगळे एकाच चालू लेअरवर, एकाच काळ्या रंगात! लेझरवाल्याला अशी फाइल पाठवली तर तो घडीची रेघसुद्धा आरपार कापेल, आणि चूक त्याची नसेल. म्हणजे एका क्लिकमध्ये उलगडायचं आणि मग दुपारभर कुठली रेघ कुठली हे ओळखत बसायचं. अहो, साधा चेंडू गडगडत गेला तरी त्याचा रंग सोबत जातो!

सपोर्टला कळवलं. आधी फाइल मागितली, मग स्क्रीनचा व्हिडिओ, मग व्हर्जन नंबर, जो पहिल्याच मेलमध्ये होता. शेवटी उत्तर आलं की हे असंच अपेक्षित आहे, आणि तक्रार बंद. अपेक्षित कुणाला?

दुसरी खोड त्याहून गंभीर आहे, पण तिच्यावर उपाय आहे. कर्व्ह सरफेसपासून टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालणाऱ्या फरकापेक्षा लांब, असला तर तो गुपचूप गाळला जातो, इशारा वगैरे काही नाही. म्हणून आधी प्रत्येक कर्व्ह सरफेसवर पुल करून (ओढून टेकवून) घ्या आणि उलगडल्यावर मोजून बघा.

घुमटाच्या बाबतीत माझं मत मध्येच बदललं. दुहेरी वक्रता असलेला सरफेस ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होत नाही, हे गाउसनं 1827 मध्येच सिद्ध करून ठेवलंय, तेव्हा त्याबद्दल प्लग-इनशी भांडण नाही. 100 मिमी त्रिज्येचा अर्धगोल माथ्यापासूनची अंतरं खरी ठेवून पसरला तर काठाचा 628 मिमीचा परीघ 987 मिमी होतो. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे टाळता येणार नाही. ताण दाखवणारा रंगीत नकाशा आधी मला निव्वळ विक्रीचा थाटमाट वाटायचा. आता तो बघितल्याशिवाय मी काप कुठे द्यायचा ते ठरवत नाही. लाल पट्टा दिसला की तिथून पाकळ्या पाडतो, पाकळी अरुंद केली की लाल फिकट होत जातो. आणि सपाट पाकळीवर काढलेली नक्षी परत घुमटावर बसवायची कमांड तर फारच सुरेख. तीही नक्षी एकाच लेअरवर आणते, ते सोडा.

नूतनीकरणाची आठवण आलीय, वर्षाचं घेतलं तर सवलत आहे म्हणे. मी महिन्याचंच भरलंय. लेअर सांभाळायला लागलं की वर्षाचं बघू.