नैरोबी नॅशनल पार्क आणि ८×४२ दुर्बीण : दोन्ही हंगामांत वापरल्यानंतर

केनियाला येणारी आपली मंडळी हमखास विचारतात, कॅमेरा कुठला आणू? मी म्हणतो, आधी दुर्बीण घ्या, आणि ८×४२ च घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. नैरोबीत राहत असल्यामुळे माझी पावसाळ्यात आणि कोरड्या महिन्यांत भरपूर वापरून झाली आहे.

१९४६ सालचं हे पार्क शहराला खेटून आहे, ११७ चौरस किलोमीटरचं. इथे हत्ती नाहीत. आधीच सांगितलेलं बरं. बराचसा भाग उघडा माळ, आणि ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरायला मनाई. म्हणजे बघायचं ते खिडकीतूनच. दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट दिसते, त्यात ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं तर बघायलाच नको! इंजिन बंद करायला सांगा आणि खिडकीच्या कडेवर तांदळाची पिशवी ठेवून दुर्बीण टेकवा. चित्र गप्पकन स्थिरावतं.

मग बारकावे दिसतात. लांबून सारखीच वाटणारी दोन हरणं: ग्रँट्स गॅझेलच्या ढुंगणावरचा पांढरा रंग शेपटीच्या वरपर्यंत चढलेला, थॉमसन्सचा शेपटीखालीच थांबतो. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ चोचीसारखा टोकदार, कारण तो झुडपं ओरबाडतो; पांढऱ्याचं तोंड रुंद, गवत कापायला. एकदा गेंड्याच्या मानेवर ऑक्सपेकर, म्हणजे जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या टिपणारा पक्षी, बसला होता. चोच लाल आणि डोळ्याभोवती पिवळं कडं, इतकं स्वच्छ दिसलं की पुस्तक उघडावं लागलं नाही.

पावसात जॅक्सन्स विडोबर्ड या पक्ष्याचे काळे नर गवतातून उभ्या उभ्या उड्या मारतात. आठपटीत दृश्याचा पट्टा रुंद मिळतो, म्हणून उडी चौकटीतून निसटत नाही. पहाटे सहाच्या उजेडात ४२ मिलिमीटरची भिंगं कामी येतात. खिशातली ८×२५ तेव्हा अंधारी वाटते.

तक्रारी आहेत. मुरुमाच्या रस्त्यांच्या धुळीने फोकसचं चाक करकरायला लागलं, उजव्या डोळ्याचं रबर सैल झालं, आणि दुकानदाराने 'वॉरंटीत बसत नाही' म्हणून हात वर केले. पट्टा मानेला काचतो, तो पहिल्याच आठवड्यात बदलला. भिंगावरची धूळ शर्टाने पुसू नका, आधी फुंकणीने उडवा. ओरखडे जात नाहीत.

ऊन चढलं की माळावरची हवा थरथरते. लांबचा चित्ता मग महागड्या दुर्बिणीतही लिबलिबीतच दिसतो, तेव्हा पैसे त्यासाठी वाढवू नका. वाढवायचेच तर दुसरी साधी दुर्बीण घ्या. सिंह दिसल्यावर नवरा-बायकोत एकाच दुर्बिणीवरून काय होतं ते मी आमच्याच गाडीत पाहिलंय.